नारिंगी रुमाल

अख्ख्या कुवेतमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, टीबीच्या गोळ्या देणाऱ्या गड्याइतका संशयी माणूस सापडायचा नाही. मूळचा लातूरकडचा, नोकरी दवाखान्यात. कोपऱ्यावरच्या बकाल्यात दुधावरची तारीख वाचून झाली की दुकानदाराला विचारणार, "ही तूच छापली नाहीस ना?" गावी बायको फोनवर म्हणाली, गॅस बंद केलाय, की तिला मोबाइल शेगडीपाशी न्यायला लावणार. मला टीबी झाला, आणि रोज सकाळी असल्या माणसाच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या असं दवाखान्यानं ठरवलं.

मी इथल्या अम्गऱ्याच्या भंगारवाड्यात लोखंड कापण्यात जन्म घालवला. शाळा चौथीत सुटली, तोंड मात्र फाटकं. पहिल्याच दिवशी त्याला म्हणालो, "बायको गेली माझी. आता बरं होऊन कुणाला दाखवायचंय?" तिथंच फसलो. गोळी मी थुंकणार, हे त्यानं धरूनच ठेवलं. "काका, आ करा. जीभ उचला. गाल फुगवा बरं." वर उगाच गप्पा मारत बसायचा, गोळी गालात असली तर बोलताना सापडेल म्हणून! मुलाच्या घरी राहायचो मी; सून तोंडाला पदर लावून हसायची. बरं, त्याला तरी सगळं कुठं ठाऊक होतं? लघवी लाल झाली तेव्हा मी ओरडलो, "विष घालतोस काय रे?" तर तोच पांढराफटक. "थांबा, गोळ्या बंद!" म्हणत डॉक्टरांकडे पळाला आणि संध्याकाळी मान खाली घालून आला. "औषधाचाच रंग आहे काका. घाम, आसवं, सगळं नारिंगी होतं म्हणे. गोळी सोडायची नाही." तेव्हापासून मीही रोज विचारायचो, "डॉक्टरला विचारलंस ना?"

एकदा धुळीचं वादळ सुटलं आणि त्याला यायला दुपार झाली. घरात ठेवलेल्या पाकिटातल्या गोळ्या मी सकाळीच घेतल्या होत्या.

"कुणी पाहिलं?"

मुलगा-सून कामावर. मी बायकोच्या फोटोकडे बोट केलं. "हिनं."

"फोटोची साक्ष चालत नसते, काका."

हिच्यासमोर मी खोटं बोलेन? राग आला आणि एकदम रडूच फुटलं. ती गेली तेव्हाही आलं नव्हतं. गड्यानं माझ्या हातातला पांढरा रुमाल ओढून खिडकीपाशी नेला. डाग नारिंगी. तरी म्हणतो, "धूळही असंल." मग दुसऱ्या कोपऱ्यानं वादळातल्या धुळीनं पाणावलेले स्वतःचे डोळे पुसले. तो कोपरा नुसताच ओला झाला. मग फोटोकडे वळून म्हणाला, "काकू, काका खरं बोलायलेत."

गोळ्या संपल्या. डॉक्टर म्हणाले, बरा झालास. गडी बदली होऊन सुलैबियाकडे राहायला गेला. आता सकाळी कुणी आ करायला सांगत नाही. रडू येतं अधूनमधून, पण रुमाल पांढराच राहतो. तो असता तर उजेडात धरून म्हणाला असता, "काका, खरंच रडलात का?"