अंग वळवा, पोरींनो

भूकंपाच्या साली लातूरच्या एका शाळेत मदतीच्या ट्रकमधून कपड्यांच्या गाठोड्यांबरोबर एक खोकं उतरलं. त्यात चामड्याचे अवाढव्य हातमोजे निघाले. ढिगारा उपसायलाच पाठवलेत अशी सगळ्यांची खात्री झाली आणि लोकांनी ते तसे वापरलेही. खोक्याच्या तळाशी बॅटी सापडल्या, तेव्हा कुठं खेळाचे मास्तर आदिनाथ सर यांनी हा सॉफ्टबॉल आहे असं जाहीर केलं.

सर शिकवायचे मात्र जीव ओतून. शिबिराला जाऊन ते फटका मारायला शिकून आले. तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून पाइप रोवला, वर रबरी नळीचा तुकडा चढवला, की झाला टी. त्याच्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. बॅटनं चेंडूला गाठायचं ते पुढच्या पायाच्याही जरा पुढं, आणि त्यासाठी आधी कंबर फिरली पाहिजे, हात मागून. सगळी मेख कंबरेत.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. पहिल्याच वर्षी सर मुलींना मोठ्यानं म्हणाले, "कंबर फिरवा!" मुली ओढणीत तोंड खुपसून हसल्या. कुंपणापाशी उभ्या असलेल्या पालकांनी एकमेकांकडं पाहिलं. सरांचे कान तापले. दुसऱ्या दिवसापासून मुलींसाठी नवा शब्द आला, "अंग वळवा, पोरींनो, अंग!" अंग म्हणजे नेमकं काय, हे सरांनी सांगितलं नाही आणि मुलींनी विचारलं नाही. त्या बिचाऱ्या खांदे, मान, तोंड सगळंच वळवायच्या. नजर चेंडूवरून उडायची आणि कंबर मात्र खुंटा ठोकल्यासारखी जागच्या जागी. मुलांचा सराव संध्याकाळी, वेगळा. तिथं सर "कंबर, लेका, कंबर!" म्हणून बिनधास्त ओरडायचे.

टीवरचा चेंडू काही पळून जात नाही, त्यामुळे तिथं मुलींचं निभायचं. फेकलेला चेंडू आला की बॅट उशिरा पोचायची आणि चेंडू उजवीकडं रेषेबाहेर. असं का होतं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. तरी स्टाफरूममध्ये ते सांगायचे, "पोरींच्या मनगटात जोरच नाही हो." तो एक शब्द उच्चारायची जेवढी लाज वाटे, तेवढी हे खोटं बोलायची वाटत नसे.

वर्षं गेली. पत्र्याच्या शेडच्या जागी पक्के वर्ग उभे राहिले, गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले आणि बाहेरगावची पोरं खोल्या करून राहू लागली. त्याच लोंढ्यात जळकोटची ऋतुजा मावशीकडं अकरावीला आली. तिला खेळाचं वेड. बाप ग्यानोबा शेतकरी, मोजकं बोलणारा. त्यानं सरांसमोरच निकाल लावला.

"नांदेडला विभागाच्या संघात निवड झाली तर खेळ म्हनावं. न्हाई झाली तर बॅट ठिवायची आन् क्लासला बसायचं. मदला रस्ता न्हाई, सर."

"होईल, होईल," सर म्हणाले.

ऋतुजा मग मैदान सोडेना. सर शेजारी उकिडवे बसून बाजूनं चेंडू उडवून द्यायचे आणि ती मारत राहायची. "सर, उशीर कशामुळं व्हतोय?" ती विचारायची. उत्तर सरांच्या ओठापर्यंत यायचं. मग नजर कुंपणाकडं जायची. "अंग वळव," ते म्हणायचे, "जरा जोर लाव."

नांदेडला निवड चाचणी मुलामुलींची एकाच मैदानावर होती. ऋतुजानं जीव तोडून बॅट फिरवली. चेंडू उजवीकडं बाहेर, पुन्हा बाहेर, नंतर तर बॅटला लागलाच नाही. निवड करणाऱ्यांनी मान हलवून पुढचं नाव पुकारलं. तो याच शाळेचा सर्वेश. त्याचाही पहिला फटका उशिरा बसला आणि सर सवयीनं गरजले, "कंबर! आधी कंबर, हात मागून!" पुढचा चेंडू मधोमध, थेट मैदानापार.

ऋतुजा हेल्मेटचा पट्टा सोडत होती. तिचा हात तिथंच थांबला.

परतीच्या एसटीनं लोहा गाव मागं टाकलं. मग ऋतुजा सरांच्या शेजारी येऊन बसली.

"सर, ते कंबरेचं आमाला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही मुली..." सर म्हणाले.

"मग मुलीला कंबर नसती का, सर?"

ती चिडून विचारत नव्हती, तेच वाईट होतं. शरमेनं माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो म्हणतात. पण सरांना तेवढीही सवलत मिळाली नाही. अहमदपूरच्या स्टँडवर पोरांना केळी घ्यायला त्यांनाच उतरावं लागलं.

दोन दिवसांनी ग्यानोबा बॅट परत करायला आला. "पोरीचंच नशीब न्हाई. तुमी लई मेहनत घेतलीत, सर," असं म्हणून त्यानं वाकून नमस्कार केला. खरं काय ते तेव्हा तरी सांगायचं होतं. सरांनी बॅट घेतली आणि चहाचं विचारलं.

जूनमध्ये नव्या मुली आल्या. सरांनी टी मांडला, घसा खाकरला.

"कंबर," ते म्हणाले. "आधी कंबर फिरवायची."

मुली हसल्या. कुंपणापाशी उभा असलेला एक पालक पाय आपटत निघून गेला. सरांचे कान पुन्हा तसेच तापले आणि आवाज आपोआप खाली आला. तेवढ्यात कुंपणापलीकडं एक सायकल थांबली. पाठीवर क्लासची बॅग, एक पाय जमिनीवर टेकलेला. ऋतुजा. तिनं मुकाट्यानं निघून जावं, असं सरांना फार वाटलं.

"सर," ती तिथूनच ओरडली, "मोठ्यानं सांगा की. मागच्या पोरींना ऐकू येईना."