चामोर्शीची गाडी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका जुन्या टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. "मधुकरभाऊ, जरा येता काय? ह्यांची गाडी आलीच नाई..." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, दौलतभाऊंच्या खेळण्यातल्या रेल्वेची एखादी मोटर जळली असेल. हत्यारांची पिशवी उचलली आणि शेजारच्या गल्लीत गेलो. दौलतभाऊ बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते, कंट्रोलर मांडीवर, मान भिंतीला टेकलेली. डुलकी लागल्यासारखे. इंजीन बोगद्याच्या तोंडाशी उभं होतं. पिशवी माझ्या हातातच राहिली.

दौलतभाऊ गेले त्याला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, भाऊ काय करायचे? मी सांगतो, रेल्वेत पॉइंट्समन होते आणि घरात स्टेशनमास्तर. नोकरी नागभीडकडच्या छोट्या लाइनवर, जंगलातल्या स्टेशनावर. रूळ जिथं फुटतात तिथली हलती पाती म्हणजे पॉइंट. ती फिरवायची, कुलूप लावायचं, पातं रुळाला चिकटून बसलंय हे वाकून बघायचं आणि मग हात वर करायचा. तो हात दिसल्याशिवाय मास्तर गाडी घेत नसे. फिरवायला सांगणारा एक आणि बघून सांगणारा दुसरा, हा भाऊंचा धर्मच होता. घरात नळ बंद केला तरी दुसऱ्याला बघायला पाठवत. मी चिडायचो, पण ऐकतो कोण!

वहिनींचं माहेर चामोर्शी. तिथं आजपर्यंत रेल्वे नाही. "रेल्वेवाल्याची बायको म्हणून पास भेटते, आन् माहेरी जाते एसटीनं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. भाऊ मिशीत हसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीत प्लायवूडवर छोटी रेल्वे मांडली. रूळ, इंजीन मुलानं, सुनीलनं पुण्याहून पाठवलं. आरागिरणीतला भुसा हिरवा रंगवून जंगल केलं, नातीचा प्लास्टिकचा वाघ बोगद्यावर बसवला. आणि एका दुपारी छिन्नी-हातोडा घेऊन सैपाकखोलीची भिंत फोडायला लागले. वहिनी पीठ मळत होत्या.

"काय करून राह्यले तुमी?"

"तुह्या माहेरी रेल्वे आणून राह्यलो."

"आन् भिंत कोन लिंपन?"

भिंत मीच लिंपली. भोकातून रूळ आत गेले, डब्यांच्या फळीवर स्टेशन झालं, त्यावर भाऊंनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली : चामोर्शी.

आतला पॉइंट बाहेरून फिरवायला आधी सायकलची तार आणि दोरी होती. दहादा ओढली की एकदा फिरायचा. शेवटी मी डिजिटल कंट्रोल बसवला. त्यात रुळातूनच वीज जाते आणि रुळातूनच हुकूम. प्रत्येक पॉइंटखाली एक मोटर आणि एक डबी. डबी फक्त आपला नंबर ऐकते, बाकीच्यांकडे कान देत नाही. भाऊ नंबर दाबायचे, आत टक्कन आवाज व्हायचा. मग भाऊ ओरडायचे, "बसला काय?" वहिनी पोळी लाटता लाटता फळीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बसला." मगच गाडी सुटायची.

मला हे फार मागासलेलं वाटे. हातात एवढी आधुनिक वस्तू आणि बायकोला हाका कसल्या मारता? मी एक रविवार घालवून आतल्या पात्याला तार जोडली, बाहेर हिरवा दिवा लावला. पातं बसलं की दिवा पेटणार, विचारायचं कामच नाही. फार खूश होतो मी. पुढच्या रविवारी गेलो तर त्या दिव्यावर वहिनींची टिकली चिकटवलेली. लालभडक, मोठी. म्हटलं, हे काय?

"दिव्याले काय समजते?" भाऊ म्हणाले. "तिले विचारतो ना मी."

मी दिवसभर धुसफुसत राहिलो. पण एकदा दोघांचं जोरात भांडण झालं, सुनीलकडे कायमचं राहायला जायचं की नाही यावरून. चांगला आठवडाभर अबोला. चहाचा कपसुद्धा टेबलावर आदळला जाई. मी गेलो तेव्हा भाऊंनी नंबर दाबला आणि विचारलं, "बसला काय?" आतून फणकारून आलं, "बसला!" त्या घरात तेवढा एक शब्द कधी बंद पडला नाही. तेव्हा मला त्या टिकलीचं कळलं.

भाऊ गेल्यावर सुनीलनं मला गळ घातली. आईला पुण्याला नेतो, काका, तुम्ही हे सगळं नीट उकलून डब्यात भरून ठेवा. पोरगा गुणी आहे, त्याचं काही चुकलं नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. वहिनींचं कपाळ मोकळं होतं. दिव्यावरची टिकली मात्र तशीच होती. इंजीनही बोगद्याच्या तोंडाशीच, कुणी हात लावला नव्हता.

"त्या दिवशी मी म्हटलं, बसला," वहिनी म्हणाल्या. "वाट पाह्यली. तव्यावरची पोळी करपली, पण गाडी आली नाई. उकलाच्या आधी तेवढी आत पोचवू द्या मले."

त्या भाऊंच्या खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच. मी नंबर दाखवला. पॉइंट तर चामोर्शीकडे लागलेलाच होता, नुसती गाडी सोडायची होती. पण वहिनींनी नंबर नव्यानं दाबला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. टिकलीच्या कडेनं हिरवा उजेड दिसत होता. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं आणि मानेनं आत जायची खूण केली.

मी सैपाकखोलीत गेलो. पातं रुळाला चिकटलं होतं. तरी भाऊंसारखा वाकलो, डोळे पुसून पुन्हा बघितलं.

"बसला काय?" बाहेरून आवाज आला.



"बसला, वहिनी."

भिंतीतून गाडी आली, हळूहळू, आणि चामोर्शीला थांबली. वहिनी मागोमाग आल्या, इंजिनावर पदर फिरवला आणि सुनीलला फोन लावायला सांगितलं. पुण्याला येत जाईन म्हणाल्या, राहायला नाही. स्क्रू-ड्रायव्हर पिशवीतच राहिला. आता रविवारी मी जातो. त्या बाहेर बसतात, मी आत.