सिहोऱ्याच्या बसमधली हजेरी

जबलपूरहून सिहोऱ्याला रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याला आमच्याकडे 'अप-डाउनवाला' म्हणतात. मी अकरा वर्षांपासून अप-डाउनवाला आहे. एका शाळेतली तीन-चार माणसं रोज अडीच तास एकाच बसमध्ये बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. टिफिनच्या तळाशी तेल जमतं तसे ते आपोआप जमतात. घरी सांगायला गेलो की बायको म्हणते, "हा झाला सांगून!" म्हणून आता तुम्हाला सांगतो.

आधी माणसं सांगून घेतो. शोभाताई आमच्या पीटी टीचर, सगळ्यांत सीनिअर, गळ्यात शिट्टी. तिवारी मॅडम हिंदी शिकवतात. आमच्यात राहून मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देतात. आणि मी, जोशी. गणित शिकवतो आणि बस सुटली की झोपतो.

*

हजेरीची सुरुवात मटारमुळे झाली.

थंडीचे दिवस होते. परत येताना बस पनागरला थांबली आणि रस्त्याच्या कडेला ताज्या मटारचा ढीग दिसला. तिवारी मॅडम मुठीत पैसे घेऊन, मोबाईलसकट पर्स सीटवर ठेवून खाली उतरल्या. मी झोपलेलो. शोभाताईंना वाटलं, मॅडम मागे कोणाशी तरी गप्पा मारत असतील. बस सुटली.

अधारतालला कंडक्टरने विचारलं, "ये पर्स किसका है?" तेव्हा कळलं की पर्स आहे, मॅडम नाहीत!

फोन करावा तर तो पर्समध्येच वाजत होता. दीड तास आम्ही दोघं स्टँडवर उभे. शोभाताईंचा चेहरा उतरला होता. शेवटी मागच्या बसमधून मॅडम उतरल्या, दोन्ही हातांत पिशव्या. म्हणाल्या, "पाँच किलो लिया है, आप लोग भी ले जाओ."

त्या दिवशी शोभाताई मटार घरी घेऊन गेल्या, पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभ्या राहिल्या. "चाळीस पोरं सहलीला नेते आणि चाळीसच परत आणते मी. आणि इथं दोन मास्तर सांभाळता येऊन नाही राहिले! आजपासून हजेरी. रोल नंबर एक मी. दोन तिवारी मॅडम. तीन जोशी सर."

तेव्हापासून प्रत्येक थांब्यानंतर हजेरी. अख्खी बस बघते आणि आम्ही पन्नाशीतली माणसं 'प्रेझेंट' म्हणतो. मला फार लाज वाटायची, खोटं कशाला सांगू?

*

शोभाताईंचे नियम आहेत. बसमध्ये चढलं की तीन गोष्टी बघायच्या: दार कुठे आहे, कंडक्टर कुठे आहे, आणि आपल्याकडे कोण बघून राहिलं आहे. मी एकदा म्हणालो, "ताई, मी आधी खिडकीची जागा बघतो." ताई म्हणाल्या, "म्हणूनच तुमचं पाकीट गेलं!"

तेही सांगतो. बसमध्ये गर्दी होती आणि मला दोन माणसं संशयास्पद वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मी जागा होतो, म्हणून उत्साह जास्त. मी मोठ्याने म्हणालो, "भाईसाब लोग, जेबकतरों से सावधान!" आणि पाकीट जागेवर आहे ना, हे मागच्या खिशावर हात मारून बघितलं.

दमोह नाक्यावर उतरलो तेव्हा खिसा रिकामा होता.

शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "जोशी सर, चोराला काहून पत्ता सांगितला तुम्ही? तो शोधतच होता, कोणाचं पाकीट कुठे आहे." मग म्हणाल्या, "आणि एकटे तुम्हीच नाही. तुमची घोषणा ऐकून अर्ध्या बसने खिशावर हात मारला." त्या दिवशी बसमध्ये आणखी दोघांची पाकिटं गेली होती. मी आठवडाभर नंतरच्या बसने गेलो.

*

ऑटोत एकटीने बसायचं असेल तर आधी नंबरप्लेटचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, हा आणखी एक नियम. तिवारी मॅडम तो कटाक्षाने पाळतात. फोटोत मॅडम हसताना दिसतात, मागे ऑटो दिसतो, आणि नंबरप्लेटच्या बरोबर समोर मॅडमची पिशवी.

"मॅडम, यात नंबर कुठे आहे?" मी विचारलं.

"नंबर तो मुझे याद है ना!"

*

दोन वर्षांपूर्वी रुचा आली. कॉम्प्युटर टीचर, पहिलीच नोकरी. रोल नंबर चार. जबलपूरचीच मुलगी, मराठी समजते पण बोलताना हिंदीत घसरते. आवाज इतका बारीक, की 'प्रेझेंट' ओठांवरून वाचावं लागायचं.

तिच्या बाबांनी नोकरीला होकार देताना अट घातली होती. एक जरी भानगड झाली, तर अप-डाउन बंद आणि नोकरीही बंद. आणि आमचा कंडक्टर राहतो त्यांच्याच गल्लीत! बसमध्ये कोणी शिंकलं तरी संध्याकाळी बाबांना कळायचं.

एकदा मागच्या सीटवरच्या माणसाने सीटच्या फटीतून हात घातला. रुचा गुपचूप उठली आणि उभ्याने जबलपूरपर्यंत आली. आम्हाला तीन दिवसांनी सांगितलं. ऐकून मला माझ्या झोपेचा मनापासून राग आला. मी तिच्या पुढच्याच सीटवर होतो.

"आवाज काहून नाही काढला?" शोभाताईंनी विचारलं.

"ताई, निघतच नाही. और पापा को पता चला तो... नोकरी गेली ना माझी."

शोभाताई तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक त्याची, बेटा. तू काहून उभी राहायची?" आणि त्या दिवसापासून प्रॅक्टिस सुरू केली. शाळा सुटली की सिहोऱ्याच्या स्टँडवर रुचाने दहा वेळा 'प्रेझेंट' ओरडायचं. पहिल्या आठवड्यात कोणाला ऐकूच आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शेंगदाणेवाल्याने मान वर केली. तिसऱ्या आठवड्यात ती अशी ओरडली, की सुटलेली बस ड्रायव्हरने ब्रेक मारून थांबवली!

"चलो, झालं," शोभाताई म्हणाल्या. "आता जरूर पडेल तेव्हाच."

*

मागच्या हिवाळ्यात शोभाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या महिनाभर रजेवर गेल्या. आम्ही तिघंच. पहिल्याच दिवशी हजेरी बंद पडली. मला बरं वाटलं, झोपमोड होत नव्हती.

पुढचं थोडं तिवारी मॅडमकडून ऐकलेलं, कारण मी अर्थातच झोपलो होतो.

संध्याकाळची पाचची बस. गोसलपूरला कॉलेजची एक मुलगी एकटीच चढली आणि आमच्या मागे, चौथ्या ओळीत खिडकीशी बसली. तिच्यामागून चढलेला चौकड्यांच्या शर्टातला माणूस तिच्या शेजारी बसला. बस अर्धी रिकामी होती. मुलीने बॅग मधे ठेवली. त्याने ती उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. ती उठायला लागली तर त्याने पाय समोरच्या सीटला लावले आणि म्हणाला, "बैठो ना, कहाँ जा रही हो?" मुलगी खाली बसली आणि खिडकीकडे तोंड करून राहिली. आजूबाजूच्यांना वाटलं, असेल घरचाच कोणी.

रुचाने हे सगळं बघितलं. मग तिने कंडक्टरकडे बघितलं. तो दारात उभा राहून तिच्याचकडे बघत होता. आता काही झालं तर ते संध्याकाळी बाबांपर्यंत पोचणार, हे ठरलेलं.

आणि ती उभी राहिली.

मला जाग आली ती आवाजाने. सिहोऱ्याच्या स्टँडवरचा आवाज!

"रोल नंबर एक!"

"छुट्टी पर!" तिवारी मॅडमनी सवयीने सांगितलं.

"रोल नंबर दो!"

"प्रेझेंट!"

"रोल नंबर तीन!"

"प्रेझेंट," मी डोळे चोळत म्हणालो.

"चार मैं खुद." रुचाने दोन्ही हातांनी सीटची दांडी धरली होती. ती आमच्याकडे बघतच नव्हती. मागे, चौथ्या ओळीकडे बघत होती. "रोल नंबर पाँच!"

आमच्यात पाच नंबर नाही. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर तिवारी मॅडमनी सँडल माझ्या पायावर दाबली. बसमधलं बोलणं थांबलं. प्रत्येक माणूस मान वळवून मागे बघायला लागला. कंडक्टरही दार सोडून आत आला.

"रोल नंबर पाँच! सुनाई नहीं देता?"

चौकड्यांच्या शर्टाने पाय खाली घेतले. खिडकीकडून एक हात वर आला, आणि त्याच्यामागून आवाज, अगदी बारीक, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"प्रेझेंट, मॅम."