काटेवाल्याची झडप

काटेवाला दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचा. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासून त्याचा कोणावरच विश्वास उरला नव्हता. तो गल्लीत शिरला की भाजीवाली आधी पारड्याखालचा खडा काढायची आणि मग तोंडभर हसायची.

त्रेपन्नाव्या वर्षी त्याला जिना चढताना धाप लागू लागली. हृदयाची एक झडप पार निकामी झाली होती, ती बदलणं भाग होतं. सर्जनबाईंनी त्याच्यापुढे दोन नमुने ठेवले.

"ही यांत्रिक. बहुधा जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, कायमची, आणि वरचेवर रक्ततपासणी. ही दुसरी जनावराच्या हृदयावरच्या पडद्यापासून केलेली. हिला ती गोळी कायमची लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत ही झिजते, मग पुन्हा ऑपरेशन. तुमच्या वयाला दोन्ही चालतात. घरी विचार करून सांगा."

बाहेर येताच काटेवाला बायकोला म्हणाला, "डाव कळला का? झिजणारी झडप म्हणजे गिऱ्हाईक परत दारात. मी यांत्रिकच घेणार."

"अहो, डाव कसला? बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या की."

"दोन्ही पारडी सारखी दाखवतो ना, त्याच्यावर आधी नजर ठेवावी."

 रात्रभर बायकोच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी यांत्रिक झडपेसाठी संमतीचा कागद पुढे केला. काटेवाल्यानं पेन उचललं, तोच बायको म्हणाली, "बाई, हे रक्तदाबाची गोळी ब्लेडनं अर्धी करून घेतात. आमच्या डॉक्टरांनी डोस वाढवला, तर यांनी पाव केली!"

"कंपन्या जास्तच लिहायला लावतात," काटेवाला गुरगुरला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "तू कधीपासून यांच्या बाजूची?"

"मी माझ्या बाजूची. ओट्यावरचा भुगा मीच पुसते ना?"

सर्जनबाईंनी कागद मागे ओढला. "यांत्रिक झडप बसवून रक्त पातळ ठेवणारी गोळीही अशी कापलीत, तर गुठळी होऊन झडप अडकेल. नाहीतर गुठळी थेट मेंदूत जाईल. पूर्ण गोळी घ्याल?"

'हो' म्हणायला काय जात होतं? पण खोट्या मापावर त्यानं कधी शिक्का मारला नव्हता. त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "महिनाभर घेईन. मग हात शिवशिवेल. जनावराचीच घाला."

बायकोनं पदरानं डोळे टिपले. सर्जनबाईंनी नवा कागद काढला.

"आणि झिजली तर? तेव्हाही तुम्हीच कापणार?" काटेवाल्यानं विचारलं.

"तोवर मी निवृत्त झाले असेन हो."

काटेवाल्यानं पेन खाली ठेवलं. "ऐकलंस? माल देऊन पसार व्हायचा बेत आहे!"

"सही करा," बायको म्हणाली, "आणि बाईंच्या घरचा पत्ता विचारून ठेवा."

त्यानं आधी पत्ता विचारला. मग सही केली.