सूर्यभानची तार आणि ओढ्यावरचा पूल

बोरीच्या पोस्टातून निघालेली तार आमच्या वाडीला पोचायला तास लागायचा. रडणं सुरू व्हायला तेवढाही वेळ लागत नसे. तारवाल्याची सायकल ओढ्याकडं वळताना दिसली की बाया तोंडाला पदर लावून ओट्यावर येत. तार म्हणजे मयत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पार्वतीबाईंनी तर नवऱ्याची तार आली म्हणताच दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. तार वाचल्यावर कळलं, मालक मंगळवारच्या गाडीनं यायलेत. ते आले. फुटल्या बांगड्यांवरून महिनाभर त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

ती तार आणणारा सूर्यभान बोरीच्या बौद्धवाड्यातला. नववी शिकलेला, उंच, काटक, खाकी सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा माणूस. त्या फुटल्या काचा त्याच्या मनात रुतल्या असाव्यात. पुढची चांगली तार आली ती तो गात घेऊन आला.

तार इंग्रजीत असायची. पोस्टमास्तर अर्थ सांगत, आणि वाटेनं सूर्यभान त्याची ओवी जुळवी. चाल त्याच्या आईची, जात्यावरची. ओवीचे भाग दोन. पहिल्यात घराचं नाव, दुसऱ्यात खबर. ओढ्याअलीकडच्या बाभळीपासून पुलापर्यंत पहिला भाग, पुलावरून पुढं दुसरा. वाईट तार असली की तो सायकलवरून उतरे, टोपी काढी आणि मुकाट्यानं चालत येई. मुका आला की त्या घरची चूल विझायची. गात आला की गूळ निघायचा.

मग लोकांना त्याची गोडी लागली. नागनाथ मास्तर दूर नोकरीला होता. त्यानं पंचमीला आपल्या बहिणीला, मनकर्णाला, आमच्या वाडीत सासरी मुद्दाम तार केली. खबर काहीच नव्हती, नुसता आशीर्वाद. पण सूर्यभान मनकर्णाचं नाव गात आला, सगळी आळी जमली, आणि कधी न हसणारी तिची सासू पदराआड हसली. तेव्हापासून लेकी भावांना निरोप धाडू लागल्या, "लुगडं ऱ्हाऊ दे, औंदा तार कर."

अठ्ठ्याहत्तरच्या आषाढाच्या शेवटी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जिल्हा पेटला. कुठल्या कुठल्या गावातल्या बौद्धवस्त्या जळाल्याच्या खबरा येत होत्या. आमच्या वाडीत आग लागली नाही, पण बौद्धांचं पाणी बंद झालं, दळण बंद झालं, आणि पुलाच्या कठड्यावर पोरं काठ्या घेऊन बसू लागली. त्यांचा म्होरक्या आबासाहेबांचा मुंजाजी. कठड्यावर मीही बसत होतो.

त्याच दिवसांत मुंजाजीची बहीण मालन परभणीच्या दवाखान्यात अडलेली होती. तिची आधीची दोन लेकरं पोटातच गेलेली. या खेपेला तिच्याच जिवाचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. आबासाहेब तिच्यापाशी होते. एस.ट्या बंद, चार दिवस खबर नाही. मालनची आई कस्तुराबाई अन्न टाकून ओट्यावर बसली होती, कान ओढ्याकडं लावून.

पाचव्या दिवशी दुपारी बाभळीपासून सूर आला.

"ओढ्याच्या पल्याड, चिंचेच्या सावलीला,
कस्तुराबाईच्या गं, तार आलीया घराला..."

कठड्यावरचा एकजण म्हणाला, "ऐकलं का? गायलाय! ह्या दिवसांत गायलाय!"

"लय आनंद झालाय गड्याला," दुसरा म्हणाला. "नाव मिळालं ना."

"आपल्याला खिजवायलाय," मुंजाजी उठला.

चाल आम्ही सगळे ओळखत होतो. कस्तुराबाईचं नावही ऐकलं होतं. तरी रागानं भरलेल्या कानाला नुसतं गाणंच तेवढं ऐकू आलं. सूर्यभान पुलाच्या तोंडाशी आला, दुसऱ्या भागासाठी त्यानं श्वास भरला, आणि मुंजाजीची काठी सायकलच्या चाकात गेली. सूर्यभान पडला. कुणीतरी त्याच्या तोंडावर हात दाबला. कुणाचा तरी गुडघा बसला, ओठ फुटला.

"पुलावर गाणं बंद! समजलं का? आजपासून बंद!"

ओढा वाजत होता. आम्ही धापा टाकत होतो. आणि वाडीतून बायांचा हंबरडा उठला.

घराचं नाव आलं होतं, खबर आली नव्हती. नावानंतरचा मुकेपणा म्हणजे काय, हे वाडीला कुणी सांगायला नको होतं.

मुंजाजीचा चेहरा राखेसारखा झाला. सूर्यभानच्या तोंडावरचा हात त्यानंच झटकला. "मालनची तार हाय? काय झालं रं?"

सूर्यभाननं बाहीनं ओठ पुसला. "बाळंतीण बरी हाय. लेकरू बी."

मुंजाजी पळाला. "आई, बरी हाय! मालन बरी हाय!" ओरडतच घरापर्यंत गेला. पण आमच्याकडं मयताच्या घरी आधी असंच म्हणतात. बरी हाय, जरा ताप हाय, धीर धरा. कस्तुराबाईनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "मला फसवू नगंस रं मुंजा," एवढंच बोलली आणि ओट्यावरच कलंडली. दातखिळी बसली. बाया कांदा हुंगवू लागल्या.

तो पळतच परत आला. सूर्यभान तिथंच उभा होता, तारेचा कागद सदऱ्याला पुसत.

"गा," मुंजाजी म्हणाला. "सूर्यभान, गा की. माय चालली माझी."

सूर्यभाननं आमच्या सगळ्यांकडं पाहिलं.

"पुलावर मनाई हाय," तो म्हणाला. "पल्याड गेल्यावर गाईन. सायकल घ्या."

मोडक्या चाकाची सायकल मुंजाजीनं खांद्यावर घेतली. पुढं सूर्यभान, मागं तो. पूल संपला, पलीकडच्या मातीवर पाऊल पडलं, आणि फुटक्या ओठांतून सूर निघाला. आधी चिरका, मग भरलेला.

"मालन सुटली सुखरूप, कूस तिची उजवली,
लेकीच्या पोटी लेक, दिवा लावा गं माउली..."

हंबरडा एकेका ओट्यावर थांबत गेला. चिंचेखाली तो तिसऱ्यांदा गात होता तेव्हा कस्तुराबाईनं डोळे उघडले. एरवी तार ओट्याच्या कडेला ठेवायची रीत होती. तिनं ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि छातीशी धरली. त्याच्या ओठाकडं तिचं लक्ष नंतर गेलं. मग ती मुंजाजीकडं पाहू लागली, आणि मुंजाजी जमिनीकडं.

त्यानंतर पंधरा वर्षं सूर्यभाननं आमच्या तारा आणल्या. मालनच्या लेकीच्या बारशाला मुंजाजीनं स्वतः परभणीहून आईला तार केली, त्याच्या गाण्यासाठी. सूर्यभान बाभळीपासून गात आला, पुलाशी थांबला, सायकलवरून उतरून मुकाट्यानं पूल ओलांडला आणि पलीकडं दुसरा भाग उचलला. पुढं दर वेळी तेच. त्या तीस पावलांत वाडी श्वास धरून बसायची. हातातली भाकर हातात.

एकदा मी धीर करून विचारलं, "सूर्यभानराव, पुलावर कामून गात न्हाई?"

"मनाई केली होती," तो म्हणाला. "उठवली कुणी?"

मुंजाजीनं उठवली नाही. त्या दिवशी कठड्यावर बसलेल्या आमच्यातल्या कुणीच नाही, मीही नाही.