वाळू कोणी नेली?

माझ्या आत्याला सगळं गाव 'कशावरून' म्हणतं. तोंडावर नाही, एवढी छाती कोणाची नाही. कोणी काही सांगितलं की ती आधी समोरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि मग विचारते, "कशावरून?" शेजारणीची मुलगी पास झाली, कशावरून? मासे ताजे आहेत, कशावरून? डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी ती औषधवाल्यांना वाचायला लावते, आणि औषधवाले जे सांगतात ते पुन्हा डॉक्टरांना जाऊन विचारते. दोघांचं जुळलं तर तिला जास्तच संशय येतो.

धंदा तिचा शिवणकामाचा, पण फ्रॉक-ब्लाउजचा नाही. जाड कापडाचा. दुकानांपुढची छतं, बोटींवर घालायची आवरणं, ट्रकच्या ताडपत्र्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर तिची लांबट खोली आहे. मधोमध मशीन, भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे, आणि सगळीकडे मेणाचा वास. शिवण संपली की ती दोन्हीकडून कापड धरून असं ओढते, की बघणाऱ्याला वाटावं ही आता फाडणार. "जी शिवण माझ्या हाताला घाबरते ती वाऱ्याला काय तोंड देणार?" असं तिचं म्हणणं. माणसांनाही ती तशीच ओढून बघते. काही माणसं त्यात उसवली, तिचा नवरा त्यातला पहिला. तो निघून गेला तेव्हा बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, तिला ही खोली बघून दिली आणि मशीन स्वतःच्या टेम्पोतून आणून बसवलं.

आमचा किनारा तेव्हा बघवत नव्हता. बाटल्या, फाटक्या चपला, जाळ्यांचे तुकडे, वरून सांडपाण्याचा ओघळ. सुट्टीत फिरायला पाहुणे यायचे, नाक धरायचे आणि पुढच्या गावाला जायचे. दुकानं ओस पडायला लागली. शेवटी औषधवाले आणि चहावाली यांनी मिळून किनारा मंडळ काढलं. कोणा सायबाची वाट बघायची नाही, दर रविवारी आपणच उतरायचं आणि साफ करायचं. गावात सगळ्यांना कल्पना आवडली. एकटी आत्या सोडून.

"फुकट झाडू मारणाऱ्या माणसाचं पोट कुठे भरतं ते आधी बघायला पाहिजे," ती म्हणाली, आणि नजर ठेवायला म्हणून मंडळात शिरली.

नजर ठेवता ठेवता तिच्या हातात दाताळं आलं, आणि मग तिने ते सोडलं नाही. आत्याचं कोणतंही काम अर्धवट नसतं. बाटल्या संपल्या तसं तिचं लक्ष शेवाळाकडे गेलं. भरती दर वेळी किनाऱ्यावर काळपट शेवाळाचा पट्टा टाकून जाते. "हेही घाणच," आत्याने ठरवलं, "आणि ओलं असतानाच उचला, पडून राहिलं की माश्या बसतात." ती पुढे, बाकीचे मागे. बाबा टेम्पो घेऊन यायचे, फुकट, आणि सगळं गावाबाहेरच्या कचरा डेपोत टाकून यायचे. किनारा आरशासारखा झाला. पाहुणे परत आले, चहावालीने बाक वाढवले, रस्त्यावरच्या दोन दुकानांनी आत्याकडून नवी छतं करून घेतली. गाव जरा अंग धरू लागलं.

आणि मग वाळू कमी व्हायला लागली.

आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग समुद्राकडे उतरणारी शेवटची पायरी अधांतरी दिसायला लागली. मंडळाने लावलेल्या झुडपांची मुळं उघडी पडली. भरतीचं पाणी रस्त्याच्या कडेला चाटून जायला लागलं, आणि रस्त्याच्या पलीकडे आत्याचीच खोली. वाळू चोरीला जाते आहे, असं कोणीतरी म्हणालं, आणि तेवढं पुरलं. कोणाच्या दारात मूठभर वाळू दिसली तरी लोक थांबून बघू लागले. टेकडीवरच्या हॉटेलवाल्याने मागच्या बाजूला दोन नव्या खोल्या बांधल्या होत्या, त्याच्यावर निम्म्या गावाचा डोळा. उरलेल्या निम्म्याचा मच्छीमारांवर. चहावालीने शेजाऱ्याच्या कुंड्यांत बोट घालून पाहिलं. ज्या माणसांनी खांद्याला खांदा लावून कचरा उचलला होता, ती आता एकमेकांच्या पिशव्यांत डोकावत होती.

आत्याला तर रान मोकळं मिळालं. छताचं माप घ्यायचं निमित्त करून ती हॉटेलच्या मागच्या आवारात हिंडून आली. तिथे काही मिळालं नाही. मग एकदा बाबा टेम्पोचा मागचा फाळका पाडून टेम्पो धूत होते, आणि आत्याने कोपऱ्यांत साठलेली वाळू पाहिली. थोडीथोडकी नव्हे. आणि आमच्या घरावर तेव्हा वरची खोली चढत होती.

तिने बाबांना एकटं गाठून विचारलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण तिने विचारलं ते मंडळाच्या बैठकीत, औषधवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत, खोक्यांवर बसलेल्या सगळ्या गावापुढे.

"वाळू आपल्या टेम्पोतून जाते," आत्या म्हणाली. "माझ्या भावाच्या. मी डोळ्यांनी पाहिली."

बाबांना थट्टा वाटली. ते हसले. "अगं ताई, शेवाळाला थोडी वाळू लागून येतेच की."

"एवढी? आणि वरची खोली कशाने बांधतोयस?"

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. कोणीच हसत नव्हतं. ते उठले. "मी नाही घेतली, ताई," ते म्हणाले, आणि आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"कशावरून?" आत्याने विचारलं.

बाबा घरी आले ते थेट मागच्या पडवीत जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी किनाऱ्यावर पाऊल टाकलं नाही. लोकांनीही त्यांना माल वाहायला बोलावणं बंद केलं. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसतं "या वेळी दुसऱ्याला सांगितलंय" म्हणायचे आणि नजर चुकवायचे. टेम्पो दारात उभा राहिला. आईने नणंदेचं नाव टाकलं. "घरचा उंदीर बरा, निदान कपडेच कुरतडतो," एवढं बोलली आणि मग तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मला आत्याचा इतका राग आला होता, की रस्त्यात ती दिसली तर मी गल्ली बदलायचे. तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

सगळ्यात वाईट पुढे झालं. टेम्पो नाही म्हणून शेवाळ किनाऱ्यावर पडून राहिलं. वास आला, माश्या आल्या, चहावाली कुरकुरली. आणि हळूहळू वाळू परत आली. शेवाळाच्या पट्ट्याला अडकून तिचे उंचवटे झाले, झुडपांची मुळं झाकली, शेवटची पायरी पुन्हा टेकली. गावाला आणखी काय पुरावा हवा होता? चोर गेला आणि वाळू आली. औषधवाल्यांनी बैठकीत आत्याचं कौतुक केलं. सख्ख्या भावाची गय केली नाही, अशी माणसं कुठे मिळतात, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच लोक तिचं काही न विचारता मान्य करत होते, आणि नेमकं तेच तिला पचेना. सगळ्यांचं एकमत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हा तिचा जुना सिद्धांत. एका दुपारी आई-बाबा घरात नसताना ती आली. माझ्याशी एक शब्द न बोलता जिना चढून वरच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले तर ती नखाने भिंतीचा गिलावा खरवडून जिभेवर ठेवत होती.

"हे काय चाललंय, आत्या?"

"खारट नाही," ती म्हणाली.

"मग? पटलं?"

"विकली असेल. चल माझ्याबरोबर. एकटीने पाहिलेलं कोणी मानत नाही."

मला जायचं नव्हतं. पण बाबांचा पडलेला चेहरा आठवला आणि गेले. कचरा डेपोच्या एका कोपऱ्यात आमच्या मंडळाचा ढीग होता. शेवाळ वाळून त्याच्या नुसत्या सुतळ्या उरल्या होत्या, आणि खाली वाळू. स्वच्छ, पांढरी, पुरुषभर उंच. राखणदाराने सांगितलं, हा सगळा तुमचाच माल, इथून कोणी कणभर उचललेला नाही. आत्याने त्यालाही उलटसुलट विचारून बेजार केलं.  परत येताना बसमध्ये ती एकदाही बोलली नाही, आणि आत्या गप्प बसणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

बसमधून उतरून ती तडक किनाऱ्यावर गेली. दाताळ्याने ओलं शेवाळ ओढलं, अगदी नेहमीसारखं, खालपर्यंत. घमेल्यात टाकलं, पाणी ओतलं, खळबळून शेवाळ बाजूला काढलं. घमेल्याच्या तळाशी वाळूचा जाड थर बसला होता. अशी घमेल्यांमागून घमेली भरून दिली होती तिने. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि त्या कुंपणाचा सगळ्यात मजबूत खांब ती होती.

"मी उचलली," आत्या म्हणाली. "त्याने नुसती वाहिली."

पुढच्या बैठकीत तिने सगळं सांगितलं, घमेल्यासकट. जोरात, हात हलवून, जसं आरोप करताना सांगितलं होतं तसंच. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चहावाली हळूच म्हणाली, "भाऊ आहे शेवटी. जीव तुटणारच."

"अगं, जिवाचा काय संबंध? घमेलं बघ!"

"तेव्हा तुम्हीच म्हणालात, डोळ्यांनी पाहिलं," औषधवाले म्हणाले. "आता आम्ही कोणाचं ऐकायचं, तेव्हाच्या ताईंचं की आताच्या?"

कोणीतरी म्हणालं, डेपोत ढीग आहे, पण सगळी वाळू तिथेच आहे हे कोण सांगणार? दुसरं कोणी म्हणालं, ढीग मागाहूनही घालता येतो. आत्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवाळ यापुढे काढायचं नाही, एवढं सगळ्यांना पटलं. बाबांनी चोरी केली नाही, हे मात्र पटलं नाही.

तिथून ती आमच्या दारात आली. आईने दार उघडलं आणि बाजूला न होता तशीच उभी राहिली. बाबा आतून म्हणाले, "येऊ दे तिला."

आत्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "धाकट्या, चुकले मी. आता मला पटलंय."

बाबांनी हाताची बोटं चोळली. "पटलं, ते ढीग बघून," ते म्हणाले. "माझं तोंड बघून नाही पटलं, ताई."

 ती म्हणाली, टेम्पो काढ, आपण ती वाळू परत आणून किनाऱ्यावर टाकू. बाबांनी मान हलवून नकार दिला. "आता मी वाळू नेली तर लोक काय म्हणतील? चोराने माल परत केला. उरलीसुरली अब्रू कशाला घालवतेस?"

ते खरंच होतं. म्हणून आत्याने एक हातगाडी मिळवली आणि एकटीच सुरुवात केली. डेपोपासून किनाऱ्यापर्यंत रस्ता लांब, त्यात मधला चढ. ती दोन गोण्या भरायची, गाडी ढकलत आणायची, पायऱ्यांपाशी ओतायची. कंबर तिची मशीनवर बसून आधीच गेलेली. वाटेत जो भेटेल त्याला सांगायची, "हे माझं काम आहे, मीच उचलली होती." लोक हळहळायचे. बिचारी भावाचं पाप फेडते आहे, म्हणायचे. ती जितकी ओरडून सांगायची तितकी त्यांची खात्री पटायची.

बाबांना हे कळत होतं. ते पडवीतून उठत नव्हते. पण एका सकाळी चढावर आत्याच्या हातून गाडी सुटली आणि ती रस्त्यात गुडघ्यांवर बसली, असं कोणीतरी सांगत आलं, तेव्हा बाबांनी खुंटीवरची किल्ली घेतली. आई दारात आडवी उभी राहिली.

"गेलात तर सगळं गाव म्हणेल, कबूल झाला. आयुष्यभर म्हणेल."

"म्हणू दे," बाबा म्हणाले. "ती मरेपर्यंत ढकलेल. थांबायची नाही."

मी टेम्पोत मागे चढले. आत्या चढावर सांडलेली वाळू हाताने गोणीत भरत होती. बाबांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि पुढे बसवलं. डेपोत मी आणि बाबांनी मिळून टेम्पो काठोकाठ भरला, तिला फावड्याला हात लावू दिला नाही. भर दुपारी, बाजाराच्या मधल्या रस्त्याने, वाळूने भरलेला तो टेम्पो किनाऱ्याकडे निघाला. सगळी दुकानं उघडी होती. औषधवाले पायरीवर आले. चहावाली गिऱ्हाईकाला म्हणाली, "बघा, आणावीच लागली ना शेवटी," आणि ते मला मागे ऐकू आलं, म्हणजे पुढे बाबांनाही आलंच असणार.

आत्या खिडकीतून निम्मी बाहेर वाकली. "माझी आहे ही चोरी! माझी! ऐकताय का रे?"

 माना तेवढ्या हलल्या, तिच्या बाजूने, मायेने.

"काच वर घे, ताई," बाबा म्हणाले. "वाळू डोळ्यात जातेय."

तिने काच वर घेतली. मागच्या जाळीतून मला दिसत होतं, ती भावाच्या खांद्यावर कपाळ टेकून रडत होती, आणि बाबा समोर रस्त्याकडे बघत हळू टेम्पो चालवत होते.