महापौर उभ्या राहिल्या तेव्हा

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगतो. आणि शहराचं नाव विचारू नका. दिल्लीला चिकटून आहे एवढं पुरे. मला तिथे अजून तोंड दाखवायचंय!

तर आमच्या सोसायटीमागे एक नाला आहे. जोराचा पाऊस झाला की त्याचं पाणी तळमजल्यावरच्या लेले काकूंच्या घरात शिरतं. सत्तरीची, एकटी बाई. पलंग विटांवर चढवून राहते हो! पुष्कळ खेटे घातल्यावर आमच्या नगरसेवकाने पालिकेच्या सभेत प्रश्न विचारायचं कबूल केलं. गॅलरीत बसून बघायला आम्हाला पासही दिले.

सरकारी सभा म्हटल्यावर माझी छाती फुगली. अख्खी नोकरी दिल्लीच्या मंत्रालयात गेली माझी! शेजारच्या वर्माजींना आणि बाकीच्यांना बजावलं, "प्रोटोकॉल मुझ पर छोड़ दो. मैं जो करूँ, वही करना."

काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. "सुधीर, आज होईल ना रे काम?"

"बिल्कुल! आज नाला गेलाच समजा."

आमच्या आधी पार्किंगचा विषय होता. त्यावरून असं रणकंदन माजलं की कुणाचं कुणाला ऐकू येईना. तेवढ्यात महापौर मॅडम आपल्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

आता तुम्हीच सांगा, साहेब उठले की आपण काय करतो? उठतो! जन्मभर दुसरं केलंय काय? मी ताडकन उठलो आणि हात जोडले. मला बघून वर्माजी उठले, त्यांची मिसेस उठली, आमची अख्खी रांग उठली. गुडघ्यांमुळे काकू तेवढ्या बसून राहिल्या.

खाली मात्र भलतंच! सगळे नगरसेवक पटापट बसले आणि गप्प झाले. मी मनात म्हटलं, काय हे संस्कार! बाई उभी आणि हे खुशाल बसलेत.

मॅडमनी वर पाहिलं. "गैलरी वाले, बैठ जाइए."

केवढा मोठेपणा! मी म्हटलं, "नहीं मैडम, पहले आप."

"मैं कह रही हूँ, बैठिए!"

"मैडम, आप खड़ी हैं, हम कैसे बैठें?"

काकू माझा शर्ट ओढत होत्या. "अरे मेल्या, बस ना!"

"काकू, बरं दिसत नाही ते!"

झालं! एक बाजू खो खो हसायला लागली. दुसरी ओरडली, "चेयर का अपमान!" आत्ताच कुठे शांत झालेली भांडणं दुप्पट जोराने सुरू झाली. मॅडमनी घंटा बडव बडव बडवली आणि शेवटी सभा तहकूब करून टाकली. पुढचाच प्रश्न आमचा होता.

बाहेर नगरसेवक कपाळाला हात लावून उभा. "भाईसाहब, चेयर खड़ी हो तो सब बैठ जाते हैं, यही नियम है. मैडम ने पूरा हाउस चुप करा दिया था यार... आपको छोड़कर!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वर्माजी तर माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. काकू कॅबमध्ये एवढंच म्हणाल्या, "पुढची सभा कधी रे?"

"आता... पावसाळ्यानंतर, काकू."

त्यांनी खिडकीतून वर आभाळाकडे पाहिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं! त्याच आठवड्यात पाऊस आला, नाला आला, आणि मी मान खाली घालून काकूंना आमच्याकडे राहायला घेऊन आलो. माझी खोली त्यांना दिली. मी हॉलमध्ये सोफ्यावर.

आज सकाळी चहा झाल्यावर काकू कप ठेवायला खुर्चीवरून उठल्या. आणि सवय हो, दुसरं काय, मीही ताडकन उठलो.

"खाली बस!" काकू कडाडल्या. "तू उभा राहिलास की मला घर सोडावं लागतं."